भिंतीवरचं सोलर आणि छताचा आराखडा : माझा अनुभव

भिंतीवर सोलर लावायचा विचार असेल तर सगळ्यात आधी एक सांगतो. वीज कंपनीच्या कार्यालयात जो कागद द्याल त्याच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी कबुलीवर परत फिरू नका.

नाशिकजवळ माझं भाज्या-फळं वाळवण्याचं छोटं युनिट आहे. मुख्यतः कसुरी मेथी आणि आवळा. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे. त्यावर माणूस चढवायची भीती, तिथं पॅनल कुठले चढवणार! दक्षिणेची भिंत मात्र उंच आणि मोकळी. तिच्यावर ८ किलोवॅटचे पॅनल उभे लावायचे, मागे वीतभर पोकळी ठेवायची आणि तिथली गरम हवा पंख्यानं ओढून ड्रायरला द्यायची, असं ठरवलं. पॅनल उन्हातला साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलतो, उरलेलं बहुतेक ऊन त्यालाच तापवतं. आणि तापला की तो वीज कमी देतो, दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के. मागची हवा ओढली की पॅनल थंड राहतो आणि ड्रायरचं हीटरही कमी चालतं.

फॅब्रिकेशन, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, बँक, सगळं झालं. घोडं अडलं ते नेट मीटरिंगपाशी, म्हणजे जास्तीची वीज कंपनीला देऊन बिलातून वळती करून घेण्याच्या मंजुरीपाशी.

अर्ज परत आला. शेरा: 'छताचा आराखडा जोडावा.' मी भिंतीचा आराखडा जोडला. पुन्हा तोच शेरा. छतावर काही बसवायचंच नाही, असं पत्र दिलं, तर साहेब म्हणाले, "मग रूफटॉपमध्ये अर्ज कशाला केला?" दुसरा अर्जच नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. शिवाय तांत्रिक तपासणी व्हायची आहे, थांबा, असंही सांगितलं. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंत ही तपासणी लागतच नाही, अर्ज मंजूर धरायचा असतो. ती छापून नेली. साहेबांनी शांतपणे वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: अर्ज सर्व बाबतींत पूर्ण असेल तर. तुमचा पूर्ण कुठाय? छताचा आराखडा नाही.

मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या इमारतीवर २००९ पासून अशीच वीज आणि गरम हवा देणारी भिंत आहे. तिचा फोटोही फाइलला लावला. "मॉन्ट्रियल आपल्या सर्कलला येत नाही," बाजूच्या टेबलावरून उत्तर आलं. हसू आलं, पण हंगाम तोंडावर होता आणि माझं डोकं तापलेलं होतं.

शेवटी लेखी तक्रार टाकली, वर नियमाची प्रत आणि आधीच्या सगळ्या आवक क्रमांकांची यादी. मग कनिष्ठ अभियंता शेडवर आला. पोरगा हुशार होता. डक्टच्या तोंडाशी हात धरला, इन्व्हर्टरची प्रमाणपत्रं बघितली आणि म्हणाला, पत्र्यांचा नकाशा जोडा आणि त्यावर 'येथे पॅनल नाहीत' असं लिहा. तसं केलं. अर्ज मंजूर! रिकाम्या छताचा नकाशा हवा होता, एवढंच.

राहिलेलं: पोकळीच्या खालच्या-वरच्या तोंडाला बारीक जाळी लावाच, नाहीतर उंदीर केबल कुरतडतात. पंखा थर्मोस्टॅटवर ठेवा. पीएम सूर्यघरचं अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे, औद्योगिकवाल्यांनी ते हिशेबात धरू नये. उभ्या पॅनलवर धूळ कमी बसते, हे खरं. पण वर्षभराची वीज तिरप्या पॅनलपेक्षा बरीच कमी, हेही खरं. विकणारे हे सांगत नाहीत. मेथी-आवळ्याचा हंगाम थंडीतला आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून माझं जमलं. कोणाला बघायला यायचं असेल तर डिसेंबरात या. मे महिन्यात ऊन डोक्यावर असतं, भिंतीवर दाखवण्यासारखं काही नसतं.