जोतिबाचा गुलाल, महापुराचा गाळ आणि आमची शेड

चैत्र पौर्णिमा झाली की पुढचे पंधरा दिवस आमच्या शेडसमोर आतून गुलाबी झालेल्या गाड्या उभ्या असतात. जोतिबाच्या डोंगरावरून आलेल्या. गुलाल सीटच्या शिलाईत, सीटबेल्टच्या खाचेत, एसीच्या जाळीत, पायाखालच्या कार्पेटमध्ये पार तळापर्यंत गेलेला असतो. माणसं घरी ओल्या फडक्यानं पुसून बघतात आणि तिथंच घात होतो. कोरडा आहे तोवर गुलाल म्हणजे धूळ, पाणी लागलं की तो रंग. म्हणून आमच्याकडे पहिले दोन तास पाण्याचा थेंब वापरत नाहीत. हवेचा फवारा, मऊ ब्रश, व्हॅक्यूम, पुन्हा ब्रश. शिलाई बोटांनी फाकवून आतला कण निघाला की मगच फोम आणि ओढून घेणारं मशीन. हळदीचं मात्र वेगळं आहे. दसऱ्याला पूजा केलेल्या पांढऱ्या गाडीवर पिवळा डाग राहिला, तर मी घासायच्या आधी गाडी चांगली दोन दिवस उन्हात लावायला सांगतो. हळद उन्हानं फिकी पडते, मग उरलेल्याला हात लावायचा.

आम्ही सुरुवात केली २०१३ ला, कोल्हापुरात, महामार्गाच्या बाजूला. एक रॅम्प, एक प्रेशर पंप आणि बोअरचं पाणी. नाव वॉशिंग सेंटर. दिवसाला पंधरा-वीस गाड्या धुवायच्या, एकाच बादलीतल्या एकाच स्पंजनं. चाकाची वाळू त्याच स्पंजनं बॉनेटवर जायची. आज काळी गाडी उन्हात आली आणि तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसले की मला ते दिवस आठवतात. त्यातले काही चरे आम्हीच पाडले असणार. आता दोन बादल्या असतात, चाकांची फडकी वेगळी, आणि शेवटचं पाणी आरओचं. बोअरचं पाणी उन्हात वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके सोडतं, आणि ते तसेच राहिले तर रंगात उतरतात.

रंगाची खरी किंमत कळली ती २०१५ ला. मी जुनी रोटरी पॉलिश मशीन घेतली होती. एसटीतून निवृत्त झालेले एक काका त्यांची मरून रंगाची गाडी घेऊन आले. सेकंडहँडच होती, पण त्यांच्या आयुष्यातली पहिली चारचाकी. बॉनेटच्या कडेला मशीन जरा जास्त वेळ टेकली. कडेला रंग मुळातच पातळ, त्यात मशीनची उष्णता. नखाएवढ्या जागेत खालचा प्रायमर दिसायला लागला. काका आले तेव्हा मीच हात धरून त्यांना ती जागा दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरा, सांगितलंस ते बरं केलंस. आता नीट करून दे." बॉनेट माझ्या खर्चानं रंगवून दिलं. त्या महिन्याची कमाई त्यात गेली, बायकोनं वहीत तसं लिहूनही ठेवलं.

त्यानंतर घेतलेलं पहिलं यंत्र म्हणजे रंगाची जाडी मोजणारा गेज. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो, काहींवर त्याहूनही कमी. त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट चाळीसेक मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. चरे काढायचे म्हणजे हाच थर घासून सपाट करायचा. तो परत वाढत नाही. जुन्या गाडीवर आधी कुणी किती वेळा मशीन फिरवलंय हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून गाडी आली की आम्ही आधी धुतो, मग पत्र्याच्या प्रत्येक भागावर सहा-सात ठिकाणी मोजतो आणि आकडा कागदावर घालतो. २०० च्या वर गेला की भाग बहुतेक पुन्हा रंगवलेला. हजाराच्या आसपास दाखवलं की खाली पुट्टी. जिथं रंग पातळ, तिथले खोल चरे आम्ही ठेवून देतो आणि मालकाला तसं सांगतो. काहींना पटत नाही. पण उद्या पॉलिश करायला थरच उरला नाही, तर मी काय करणार?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं आमचं काम बदललं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, महामार्ग काही दिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर गाड्या यायला लागल्या त्या टो करूनच. सीट काढल्या, कार्पेट उचललं, की खालचा फोम गाळानं भिजून दगडासारखा जड झालेला. तो गाळाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. ज्यांना स्वतःची गाडी परत हवी होती त्यांच्यासाठी आम्ही रात्रंदिवस राबलो. फोम नवा टाकला, पत्रा वाळवला, वायरिंगची जोडणी उघडून इलेक्ट्रिशियनला दाखवली.

मग दिवाळीच्या आसपास एक एजंट आला. पुरातल्या बारा गाड्या एकदम देणार होता. "वास घालवा, आतून चकाचक करा, पैसे रोख." गाड्या बाहेरच्या जिल्ह्यात विकायच्या होत्या. पूर आला होता हे घेणाऱ्याला सांगणार का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भावा, ते तुझं काम नाही." मी नाही म्हणालो. तेव्हा शेडचं भाडं दोन महिने थकलेलं होतं, हेही सांगायला हवं. कुणीतरी रोज सकाळी आपल्या लेकराला त्या गाडीत बसवणार होतं. आतल्या एअरबॅगच्या जोडणीला गंज चढलेला असताना मी वर सुगंधी स्प्रे मारून देऊ शकत नव्हतो.

त्यानंतर आम्ही गाडी घ्यायच्या आधी तपासून द्यायला सुरुवात केली. पुराची गाडी ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या पट्ट्यावर पाण्याची रेघ दिसते. सीटच्या रेल्सवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज बघा. स्टेपनी काढून तिच्या खोबणीत बोट फिरवा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, तिथं गाळ सुकलेला सापडतो. आणि फारच नवा, फारच सुवासिक कार्पेट असेल तर जास्त सावध व्हा.

संरक्षणाबद्दल लोक फार विचारतात. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा पातळ पारदर्शक थर, लावलं की ओरखडा पडत नाही, असं विकणारे सांगतात, वर '९एच कडक' म्हणतात. ते खरं नाही. हा ९एच पेन्सिलच्या कडकपणाचा आकडा आहे. कोटिंग ऊन, पक्ष्यांची विष्ठा आणि क्षार यांना तोंड देतं, चमक टिकवतं, धुणं सोपं करतं, हे पुष्कळ झालं. खडी उडून टवका पडायचा थांबवायचा असेल तर पीपीएफ, म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची जाड फिल्म. पण तीन लाखांच्या जुन्या गाडीला पाऊण लाखाची फिल्म मी सुचवत नाही. बॉनेटचा पुढचा भाग आणि आरसे एवढ्यावर भागतं. उरलेल्या पैशात पिवळे पडलेले हेडलाइट घासून त्यावर उन्हापासून वाचवणारा थर द्या, खालच्या पत्र्याला अँटिरस्ट करा. पावसात रात्री घाट उतरताना हेडलाइटच कामाला येतात. डॅशबोर्डला तेलकट चकाकी देणंही आम्ही बंद केलं, ती काचेत परावर्तित होऊन डोळ्यांवर येते.

आता शेडमध्ये पाच पोरं आहेत. त्यातला एक गेज धरायच्या आधी हातातली अंगठी काढून ठेवतो, मी न सांगता.

गेल्या वर्षी काकांच्या मुलानं ती मरून गाडी विकायला काढली. घेणारी ताई गारगोटीची, शिक्षिका. आमचं नाव ऐकून ती गाडी तपासायला आमच्याकडेच घेऊन आली. दारं ११०, छत १०५, बॉनेट २४०. कागदावर मी लिहिलं, "बॉनेट पुन्हा रंगवलेलं. अपघात नाही. २०१५ ला आमच्याकडून पॉलिश करताना रंग जळाला होता." ताईनं ते दोनदा वाचलं, बॉनेटवरून हात फिरवला आणि काकांच्या मुलाला विचारलं, "आरसी सोबत आणलीय का?"