गिलबर्न बंद का पडली?

जुन्या मोटारींचा विषय निघाला की मी वेल्समधल्या गिलबर्न या मोटार कंपनीबद्दल बोलतोच, आणि मग हा प्रश्न ठरलेला: गाडी एवढी चांगली होती, तर कंपनी बुडाली कशी? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

जाइल्स स्मिथ हा खाटीक. बर्नार्ड फ्रीझ हा फायबरग्लासचं काम जाणणारा जर्मन इंजिनिअर. दोघांची नावं जोडून गिलबर्न झाली आणि १९५९ मध्ये पॉन्टिप्रीदजवळ, स्मिथच्या मटणाच्या दुकानामागे पहिल्या गाडीचं काम सुरू झालं. पुढे कारखाना जवळच्याच एका जुन्या कोळसा खाणीच्या जागेत गेला.

त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर लागे, गिऱ्हाइकानं स्वतः जोडायच्या सुट्या भागांच्या किटवर तो नसे. त्यामुळे लोक किट घेत. पण गिलबर्नचं किट म्हणजे खोकंभर नटबोल्ट नव्हे! चौकोनी पोलादी नळ्यांची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तिच्यावर पक्की बसवलेली फायबरग्लासची बॉडी, रंग झालेला, वायरिंग ओढलेलं, आतली सजावटही पूर्ण. गिऱ्हाइकानं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, सायलेन्सर आणि चाकं बसवायची, बस्स. इतकं नीटस काम त्या काळच्या किटमध्ये क्वचितच दिसे, आणि मला ही कंपनी आवडते ती यासाठीच.

१ एप्रिल १९७३ ला खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि तो किटलाही लागू झाला. बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. मला ते पटत नाही. त्याच वर्षी केटरहॅम या ब्रिटिश कंपनीनं लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारचे हक्क घेतले, आणि ती कंपनी अजून किट विकते आहे. सेव्हन घेणाऱ्याला गाडी स्वतः जोडण्यातच आनंद असतो. गिलबर्नच्या गिऱ्हाइकाला हवी होती देखणी, आरामशीर, चारजणांची गाडी, तीही करात सवलत मिळवून. सवलत गेल्यावर तो मोठ्या कंपन्यांच्या शोरूमकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

त्यातच १९६८ मध्ये कंपनी विकली गेली होती. स्मिथ बाहेर पडला, फ्रीझही पुढे फार काळ थांबला नाही. फोर्डचं व्ही-सिक्स इंजिन असलेली गिलबर्नची इन्व्हेडर ही गाडी दमदार होती, पण महागही होती. सगळ्या मिळून हजाराच्या आसपास गाड्या बनवणाऱ्या कारखान्याला त्या किमतीत मोठ्यांशी टक्कर झेपणारी नव्हती.