कडेचे तुकडे

दुपारची वेळ, इथे जपानातल्या सुपरमार्केटात गर्दी नाही, आणि मी हातात कानप्योचं पाकीट घेऊन उभी. माकी सुशीच्या, म्हणजे गुंडाळी करून कापलेल्या सुशीच्या, पोटात ती तपकिरी, गोडसर, जराशी चिवट पट्टी असते ना, तीच कानप्यो. दुकानात सुकवलेली मिळते, पांढरट लांबलचक फिती. इतकी वर्षं आणते आहे, पण पाकिटाची मागची बाजू कधी निरखली नव्हती. मागे एक मळा होता आणि मळ्यात एक गुटगुटीत हिरवट फळ. गोल होतं, पण मला काही फसवता येणार नाही. दुधी!

ज्या दुधीच्या भाजीला बघून मी लहानपणी 'आज भूक नाही' म्हणायचे, तो माझ्या आधीच इथे येऊन, सोया सॉस आणि साखरेत मुरून, मानाने बसलेला. तोचिगी प्रांतात याची शेती 1712 पासून चालते असं सांगतात, आणि आजही जपानात पिकणारं जवळपास सगळं कानप्यो तिथलंच. उन्हाळ्यात पहाटे फळं सोलून पट्ट्या उन्हात टाकतात. घरी आणल्यावर मीठ लावून चोळायची, धुवायची, उकडायची, मग सोया-साखरेत मंद शिजवायची. तोक्योच्या जुन्या वळणाच्या सुशीवाल्याकडे नुसतं 'नोरीमाकी' (नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा काळा ताव, त्यात गुंडाळलेली सुशी) म्हटलं तर तो समजतो कानप्योचीच. म्हणजे दुधी हा तिथे पर्याय नाही, तिथे तोच मुख्य पाहुणा.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग? मी काय सांगत होते इतकी वर्षं?"

पाकीट घेण्याचं कारण शनिवार. शनिवारी आमच्याकडे मंडळी येणार आहेत. तोक्योशेजारच्या या चिबात आसपास राहणारी चार-पाच मराठी कुटुंबं, त्यांची पोरं आणि शेजारच्या जपानी आजी. सुशी माझ्याकडे आहे, हे माझ्या गैरहजेरीत ठरलेलं. आणि 'या वेळी काहीतरी वेगळं कर हं' ही वर फर्माईश.

सोपा मार्ग म्हणजे तेमाकी. भात, नोरीचे तुकडे, काकडी, अंड्याच्या पट्ट्या, मासळी असं सगळं टेबलावर मांडायचं आणि 'घ्या आपापलं गुंडाळून' म्हणायचं. इथल्या घरांत चार माणसं जमली की बरेचदा हेच होतं. मला पटत नाही. पाहुण्याला बोलवायचं आणि वर कामाला लावायचं! शिवाय आपली माणसं भात सढळ हाताने घेतात. मग कोन फुटतो आणि भात सोफ्याखाली.

दुसरं म्हणजे एहोमाकी. ही खरं तर सेत्सुबुन सणाची, फेब्रुवारीच्या सुरुवातीची. ओसाकाकडची चाल, आता देशभर झाली आहे. त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून जाडजूड माकी न कापता, चकार शब्द न काढता संपवायची. आत सात जिन्नस, सात भाग्यदेवतांच्या नावाने. त्या सातांतली बेनझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बिशामोनतेन म्हणजे कुबेर, आणि दाइकोकुतेन मूळचा महाकाल. तीन जण माहेरचेच निघाले. हे कळल्यावर गेल्या सेत्सुबुनला मी सगळ्यांना उभं करून ते करायला लावलं. दिशा मोबाइलवर सापडली. शांतता काही सापडेना. पहिल्या घासाला कुणीतरी म्हणालंच, "मीठ जरा कमी आहे का गं?"

तेव्हा या वेळी चित्रांची. चिबाच्या खेड्यापाड्यांत जाड फुतोमाकी करायची जुनी पद्धत आहे. बाहेरून बघाल तर काळी नळी, कापली की प्रत्येक चकतीत चित्र: फूल, गोगलगाय, हल्ली पांडासुद्धा. कधी बाहेरून नोरीऐवजी अंड्याची पातळ पोळी. आमच्या इथल्या कोमिंकानात, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात, एक बाई हे शिकवतात. नोरीचा अख्खा ताव साधारण 21 सेंटीमीटर लांब आणि 19 रुंद, सगळी कलाकारी तेवढ्यात बसवायची. फुलासाठी गुलाबी भाताच्या पाच बारीक नळ्या मधल्या काडीभोवती लावायच्या, फटीत पालक, भोवती पांढरा भात. सगळं आडव्या छेदाचा विचार करून, समोर मात्र उभ्या नळ्या. बाई कधी चुकत नाहीत. मापं विचारली की म्हणतात, "बघून."

त्यांच्या गावात हे लग्नाला करतात, सणाला करतात आणि कुणी गेलं तरी करतात. हे त्यांनी भाताला वारा घालता घालता सांगितलं, आणि पुढची सूचना दिली, की सुरी ओल्या फडक्याने प्रत्येक कापाला पुसा.

एक गोष्ट शाकाहारी मंडळींसाठी सांगून ठेवते. भात गुलाबी करायला घालतात तो गोंडस साकुरा देनबु म्हणजे कॉडसारख्या मासळीचा गोड चुरा. रंगावर जाऊ नका, पाकिटामागचं वाचा. मी भाताला गुलाबी रंग उमेझुने आणते, म्हणजे उमेबोशी (उमे फळाचं खारवलेलं लोणचं) घालताना जे लाल, खारट-आंबट पाणी सुटतं त्याने. तयार सुशी व्हिनेगरसुद्धा तपासावं लागतं, काहींत मासळीचा अर्क असतो.

ज्यांना फुलं-बिलं जमत नाहीत त्यांनी शिकाइमाकी करावी. गोल माकी उभी चिरून चार फाका करायच्या, गोल बाजू आत आणि कोपरे बाहेर असे फिरवून मध्ये अंड्याची चौकोनी काडी ठेवायची आणि पुन्हा नोरीत गुंडाळायचं. कापलं की चारी बाजूंनी लाटा आत आलेल्या. मेहनत बेताची, वाहवा भरपूर. पाहुण्यांसाठी याहून चांगलं काय?

पण मला स्वतःला चित्रांत तेवढा रस नाही. मला कडा हव्या असतात.

आई नारळाच्या वड्या करायची तेव्हा गरम सारण तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने थापायची. मग सुरीने तिरक्या रेघा. मधल्या शंकरपाळी आकाराच्या देखण्या वड्या मोजून डब्यात, पाहुण्यांसाठी. गोल ताटात तिरक्या रेघा मारल्या की कडेला वेडेवाकडे त्रिकोण उरणारच. ते आमचे. भाऊ आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यावर मालकी सांगायचो. त्याचं म्हणणं, मोठा त्रिकोण मोठ्या भावाचा. माझं म्हणणं, ज्याने नारळ खवला त्याचा. त्या तुकड्यांना एक बाजू जास्त कोरडी, किंचित लागलेली, खमंग. डब्यातल्या वडीला ती चव कधी आली नाही, असं मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. आई कधीकधी मुद्दाम रेघा रुंद मारायची असा मला संशय आहे. विचारलं की म्हणते, सुरी बोथट होती.

माकीच्या दोन्ही टोकांचंही तसंच. तिथे नोरी आखूड पडते, कानप्योच्या शेंड्या बाहेर डोकावतात, फुलाची एक पाकळी गायब, पांडाला एकच डोळा. असले तुकडे ताटात मांडत नाहीत. पण सगळ्यात जास्त सारण त्यांतच असतं, आणि ते करणाऱ्याने ओट्यापाशी उभ्याउभ्या खायचे असतात. शनिवारीही तसंच होईल. फक्त पोरांना याचा वास लागला आहे, मागच्या वेळी तिघं ओट्याशी येऊन उभी होती. त्यांच्यातल्या मोठ्याने मोठा तुकडा मागितला, तो मी त्याला मुळीच दिला नाही.

भात मी जास्तच लावते, आपल्याकडे कमी पडलेलं चालत नाही. सुशीचा भात फ्रिजमध्ये ठेवला की कडक होतो, जपानी माणूस हळहळतो. आम्ही रविवारी सकाळी त्याला मोहरी, हिंग, हिरवी मिरची घालून फोडणी देतो. आंबट आधीच असतो. लिंबू वाचतं.