हनन्याची दोन वर्षं, यिर्मयाची सत्तर

पगार थांबला, त्यात घरात आजारपण आलं, की चर्चच्या मंडळीतला जो तो बायबलमधलं यिर्मया 29:11 व्हॉट्सॲपवर पाठवतो: देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. वचन खरंच आहे, कॅलेंडरवरही शोभतं. पण त्याच्या लगेच आधीचं दहावं वचन कुणी पाठवत नाही, कारण त्यात सुटकेला सत्तर वर्षांची मुदत आहे. ख्रिस्तपूर्व 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला बंदी करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं हे पत्र. त्यात सांगितलेली कामं अगदी रोजची: घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सुटका जाहीर करतो आणि यिर्मयाच्या मानेवरचं जू, म्हणजे बाबेलच्या ताबेदारीची खूण, काढून मोडतो. त्याचं भाकीत ऐकून यिर्मया 'आमेन' म्हणतो. लवकर सुटावं असं त्यालाही वाटत असणारच. पण देवाचा शब्द तसा नव्हता.

माझी आज्ञापालनाची घडी बसली ती हनन्याची तारीख सोडून दिल्यावर. 'एकदा परिस्थिती निवळू दे, मग बघू' हे बंद केलं आणि त्या दिवशी जमेल तेवढंच हातात घेतलं.

सुरुवात स्तोत्रांपासून केली. स्तोत्रं 150, महिन्याचे दिवस 30. आजची तारीख घ्यायची आणि तिच्यात तीस-तीस मिळवत जायचं. 13 तारखेला 13, 43, 73, 103 आणि 133. मोठ्याने वाचायची; वीसेक मिनिटं लागतात, सकाळी दोन आणि रात्री तीन केली तरी चालतं. 119 वं स्तोत्र 29 तारखेला येतं आणि त्याची 176 वचनं एका बैठकीत झेपत नाहीत. त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत, म्हणून ते 1 ते 22 तारखेत रोज एक भाग असं वाटून टाकलं. 31 तारीख मोकळी. खाडा झाला तर मागची स्तोत्रं भरून काढायची नाहीत, आजच्या तारखेवर यायचं. वाचनाचे बहुतेक बेत याच बाकीपायी मोडतात: चार दिवस चुकले की वीस स्तोत्रं थकतात आणि पाचव्या दिवशी पवित्र शास्त्र उघडावंसंच वाटत नाही.

तारखेप्रमाणे वाचण्याचा खरा फायदा असा की निवड आपल्या हातात राहत नाही. दुःखात माणूस 23 आणि 91 या धीर देणाऱ्या स्तोत्रांतच घर करतो. 28 तारखेला मात्र 88 समोर येतंच, आणि ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुती नाही. ते घाईने उरकू नये. त्यानंतर 118 येतं, तेही मन लागो न लागो, म्हणायचं.

दुसरी गोष्ट, आठवड्याला एकच आज्ञा, आणि ती क्रियापदात लिहायची. याकोब 1:19 (ऐकायला तत्पर, बोलायला आणि रागवायला सावकाश असा) घेतलं तर 'शांत राहीन' असं लिहून काही हाती लागत नाही. 'वसुलीचा फोन आला की समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देईन. जेवताना बिलांचा विषय काढणार नाही' असं लिहिलं की रात्री 'केलं' किंवा 'नाही केलं' अशी खूण करता येते. एका वेळी तीन आज्ञा घेतल्या की तिन्ही पातळ होतात.

दशांशाचं, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याचं, कोडं तंगीत सगळ्यांनाच पडतं. मिळकत 30,000 वरून 12,000 वर आली तर दशांशही 3,000 वरून 1,200 वर येतो. जुना आकडा टिकवायला उसनवारी करू नये. 2 करिंथकरांस 8:12 प्रमाणे, जे जवळ आहे त्यावरून दान मान्य होतं, नसलेल्यावरून नाही. रक्कम हातात आल्याबरोबर पाकिटात वेगळी काढावी; महिनाअखेरीस उरलेल्यातून काढायला गेलं तर काहीच उरत नाही. आणि मदत लागली तर मंडळीच्या पाळकांना (पास्टरना) स्पष्ट सांगावं. देणारा हात घेताना अवघडतो, पण घेणं हीही शिकायचीच गोष्ट आहे.

उपासाबद्दल एक खबरदारी. 'इतके शुक्रवार उपास केले की नोकरी लागेल' हा नवस झाला. यशया 58 मध्ये उपासाबरोबर भुकेल्याला भाकर वाटणं आहे; चुकवलेल्या जेवणाचा शिधा कुणाच्या तरी घरी गेला की सौदा करायची वृत्ती आपोआप ढिली पडते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरूच नये.

हे सगळं एकट्याने फार दिवस चालत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एकाच माणसाला फोन करावा आणि फक्त त्या खुणा वाचून दाखवाव्यात. सल्ला नको, हे त्याला आधीच सांगून ठेवावं. तो माणूस उसने पैसे देणारा किंवा घेणारा नसलेला बरा, नाहीतर बोलणं दुसरीकडेच वळतं. आणि घरात मारहाण होत असेल तर 'सोसणं म्हणजेच आज्ञापालन' असं सांगणाऱ्याचं ऐकू नये. तिथे आधी सुरक्षित जागी जावं, पोलिसांची मदत घ्यावी; स्तोत्रं तिथूनही म्हणता येतात.