पाच हजारांत एक

मी बियाणं प्रमाणीकरणाचं काम करतो. लोकांना वाटतं आम्ही ऑफिसात बसून पिशव्यांना प्रमाणित बियाण्याचे निळे टॅग लावतो, पण खरं काम उभ्या पिकात असतं, टॅग नंतरची गोष्ट.

शिळफाट्याच्या पुढे एक काका आहेत, अडीच एकर खाचरात कर्जत-3 ह्या भाताच्या वाणाचं बी करतात. मी इकडे आलो तेव्हा आसपास असे बरेच प्लॉट होते, यंदा हा एकच उरलेला. तिन्ही बाजूंच्या जमिनी विकल्या गेल्यात, पत्र्याचं कुंपण, भराव, आणि ज्या भागात काम सुरू झालेलं नाही तिथे पावसाळ्यात काय वाटेल ते उगवतं.

ऑक्टोबरमध्ये शेवटच्या तपासणीला गेलो. पाच ठिकाणी प्रत्येकी हजार लोंब्या मोजायच्या. प्रमाणित भातबियाण्यात जंगली भात 0.02 टक्के चालतो, म्हणजे पाच हजारांत एक! भात म्हणजे शेवटी गवतच आणि हा त्याचा सख्खा भाऊ, लोंबी बाहेर पडेपर्यंत पान बघून ओळखूच येत नाही, मग लांब कुसळं दिसतात, आणि दाणा पिकतो न पिकतो तोच गळतो, एकदा चिखलात पडला की पुढची काही वर्षं तुमची. मला दोन सापडल्या. मर्यादेच्या दुपटीपर्यंत असेल तर पुन्हा मोजता येतं, म्हणून परत पाच हजार मोजल्या, काका मागे मागे, एक शब्द नाही. तिसरी सापडली. दहा हजारांत तीन. नापास.

काकांनी भेसळ काढण्यात कसूर केली नव्हती, घरची चार माणसं रोज खाचरात होती. बी आलं कुंपणापलीकडून. भरावाने नाला बुजला, जुलैत तिकडचं पाणी बांधावरून ह्यांच्या खाचरात. "साहेब, मी तिकडं खुरपं घेऊन गेलो होतो, वॉचमनने हाकलला. आमचीच जमीन होती ती, चुलत्याची."

आमचा नियम म्हणतो शेजारच्या भातापासून 3 मीटर अंतर ठेवा. नियम करणाऱ्यांनी शेजारी शेतकरीच असणार असं धरलं होतं. फॉर्मवर चारही दिशांना कुठलं पीक ते लिहायचं असतं, मी तीन ठिकाणी "पडीक" लिहिलं, वरच्यांनी कोणी विचारलंही नाही का म्हणून. एक सहकारी म्हणाला, एका लोंबीचा प्रश्न होता, सोडून द्यायचंस. मला ते पटत नाही, ते बी पुढे ज्याच्या खाचरात जाईल त्याने काय करायचं? आणि तरी त्या सहीनंतर मला नीट झोप लागलेली नाही, कारण माल चांगला होता, तो साधा भात म्हणून गिरणीवर गेला.

परवा काकांचा फोन, पुढच्या खरिपाची नोंदणी कधी सुरू होते. मी तारीख सांगितली. मग म्हणाले, आणि कुंपणापलीकडचं कोण काढणार साहेब, तुमच्या ऑफिसातनं त्यांना एखादं पत्र जाईल का? आमच्याकडे तसं पत्र काढायची सोयच नाही. तरी मी लिहायला घेतलंय.