बत्तीस पॉइंट पाच

द्रावणातलं प्रमाण मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये रेघ ३२.५ वर दिसली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. ते मी त्या रात्री कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे महिना झाला तरी मनातून जात नाही.

कळंबोलीत माझं ट्रकच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले आणि आमचा धंदाच बदलला. पूर्वी गाडी ओढत नाही म्हटलं की डिझेल फिल्टर, पंप, टर्बो बघायचो. आता आधी सायलेन्सरकडे जावं लागतं. तिथे डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण, फवारलं जातं, त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो धुरातला नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे विषारी वायू, मारतो. फवारणीच्या आधी नॉक्स मोजणारा एक सेन्सर, नंतर एक. मागचा सेन्सर नीट बोलला नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, इंजिनाची ताकद कापतो. ‘हे सगळं काढून टाका हो’ म्हणणारे आठवड्याला दोघे-तिघे येतात. मी ते काम करत नाही. माझी पोरं इथलीच हवा घेतात.

ही गाडी जेएनपीटी बंदराचा कंटेनर ओढणारा ट्रेलर. जुलैचा पाऊस. कोड एसपीएन ३२२६, एफएमआय ९. म्हणजे मागच्या नॉक्स सेन्सरचा निरोप ईसीयूकडे वेळेवर पोचत नाही. एवढंच. फोन लागत नाही म्हणून माणूस गेला असं कुणी धरत नाही, पण कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की लोक सरळ सेन्सर बदलतात. आधीच्या गॅरेजने दीड महिन्यात दोनदा बदलला होता. शेठचे पन्नास हजारांवर गेले. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा त्या गॅरेजने सांगून टाकलं, ‘डीईएफमध्ये पाणी आहे, त्याने सेन्सर जळतायत.’ स्वतःची चूक झाकायला याहून सोपं वाक्य आमच्या धंद्यात नाही. शेठने त्यातून पुढचं काढलं, की ड्रायव्हर डीईएफ विकतो आणि टाकीत पाणी ओततो. पगारातून दहा हजार कापले.

ड्रायव्हर आष्टीकडचे, पन्नाशीचे. मी मामाच म्हणतो. मी टाकीतून डीईएफ काढत होतो तेव्हा ते शेजारी उभे होते. ‘मिस्त्री, मी नाही घातलं पाणी,’ एवढंच एकदा म्हणाले.

काचेवर दोन थेंब टाकले, झाकण मिटलं, उजेडाकडे धरलं. निळ्या-पांढऱ्याच्या सीमेची रेघ बरोबर ३२.५ वर. डीईएफमध्ये युरिया ३१.८ ते ३३.२ टक्के चालतो, हे तर नेमकं. पाणी घातलेलं नव्हतं. आता रिफ्रॅक्टोमीटर फक्त युरियाचं प्रमाण सांगतो. शेताचा युरिया कुणी बोअरच्या पाण्यात कालवला तरी तो ३२.५ दाखवेल, शुद्धता त्याला कळत नाही. म्हणून मी मनात म्हटलं, अजून पूर्ण तपास झालेला नाही. अर्धवट निदान तोंडाबाहेर काढायचं नाही, हा माझा पंधरा वर्षांचा नियम, आणि त्याचा मला अभिमान होता. सातला शेठचा फोन आला. ‘पाणीच निघालं ना?’ मी म्हटलं, ‘काम चालू आहे, उद्या सांगतो.’

सकाळी चावी घेऊन आला तो वेगळाच पोरगा. मामांना रात्रीच काढलं होतं. कळंबोली सर्कलवरून एसटी पकडून ते गावी गेले.

त्या दिवशी मी काम केलं ते रागात केलं, पण नीट केलं. हा दोष गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिसतच नाही. सेन्सरच्या टोकाशी झिरकोनियाची सिरॅमिक पट्टी असते, ती ८०० अंशांच्या आसपास तापवावी लागते. तापलेल्या पट्टीवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते. म्हणून धुराची नळी पुरेशी गरम होऊन आतली ओल उडाल्याशिवाय ईसीयू हीटर चालूच करू देत नाही. भरलेला कंटेनर घेऊन गव्हाण फाट्याच्या दिशेने निघालो, लॅपटॉप मांडीवर. वीसेक मिनिटं सगळं ठीक. मग हीटर चालू झाला आणि सेन्सर गप्प. दोन-तीन सेकंदांनी परत बोलला, परत हीटर, परत गप्प. सेन्सर मरत नव्हता. त्याला जेवण मिळत नव्हतं.

परत येऊन सेन्सरचा कनेक्टर काढला. मल्टिमीटरवर सप्लाय २४.८ व्होल्ट. इथेच आधीचे सगळे फसले असणार. मल्टिमीटर वायरमधून करंट जवळजवळ घेतच नाही. वायरचा एक धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. मी हेडलाइटचा ७० वॅटचा बल्ब जोडला. जवळजवळ तीन अँपिअर ओढणारा. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला आणि मीटर १४ वर आला. बल्ब तसाच ठेवून अर्थची बाजू तपासली, ती ठणठणीत. सप्लायच्या वायरवर टप्प्याटप्प्याने मागे सरकत गेलो. केबिनच्या मागे, क्रॉसमेंबरजवळच्या क्लिपपाशी सगळे व्होल्ट गळत होते.

वायरींवरची नळी चिरली. लाल वायर बोटभर फुगलेली. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक. टेस्ट लॅम्पची सुई कुणीतरी वायरीत खुपसली होती आणि तशीच सोडली होती. त्यातून पावसाचं पाणी आत गेलं. ब्लेडने कव्हर सोललं तर तांब्याची हिरवी भुकटी हातावर पडली. आत दोन धागे शिल्लक होते. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापलं, फूटभर नवी वायर घातली, डिंकाची श्रिंक ट्यूब चढवली. बल्ब पांढरा पेटला.

मग केबिनमधल्या खोक्यातून सगळ्यात पहिला, कंपनीतून आलेला सेन्सर काढला. मामांनी तो पेपरात गुंडाळून जपून ठेवला होता. तो बसवला आणि परत त्याच रस्त्याने गाडी नेली. तासभर एकदाही निरोप चुकला नाही. दोन्ही नवे सेन्सर उगाच गेले.

सुई खुपसणाऱ्याला ते भोक कुणाच्या पोटावर येईल याचा पत्ता नसतो. गाडीचे वायरिंग नकाशे बाहेरच्या मिस्त्रींना सहज मिळत नाहीत, मग वायर शोधायला सुई हाच मार्ग उरतो, हेही खरं. पण टोचल्यावर भोक बुजवायला एक मिनिट लागतं.

शेठला सगळं दाखवलं. हिरवी भुकटी, बल्ब, डीईएफचं रीडिंग. ‘बरं झालं, गाडी सुटली,’ म्हणाले. मामांच्या दहा हजारांचं विचारलं तर ‘बघू’.

मी मामांना फोन केला. आरोप पाण्याचा होता आणि पाणी नाही हे मला सहालाच कळलं होतं, हे सांगितलं. शेताच्या युरियाचा विषय कुणी काढलाच नव्हता, मीच त्याच्या आड बसलो होतो. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, ‘घाटात ओढते का आता?’ मी म्हटलं, ‘ओढते.’

आठवड्याने त्यांचाच फोन आला. तळोज्यात एका टिपरवर काम मिळतंय, पण नवा मालक विचारतोय की आधीच्या शेठने का काढलं. मी बिलाची कार्बन कॉपी काढली. वायर, मजुरी, रोड टेस्ट लिहिलेली होती. डीईएफचे पैसे घेतले नव्हते म्हणून ते बिलावर नव्हतंच. त्या दिवसाची तारीख घालून वेगळ्या कागदावर लिहिलं, ‘डीईएफ तपासले, ३२.५, पाणी नाही. दोष वायरमध्ये.’ सही केली, शिक्का मारला, दोन्हींचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला.

दहा मिनिटांनी मामांचा आवाजी मेसेज आला. ‘मिस्त्री, शिक्का पुसट आलाय. परत काढून पाठवा.’