भाट्याच्या खाडीसाठी स्कोप आणताना

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीला ओहोटी लागली की काजळी नदीच्या मुखाशी चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात तिथे चिखल्या, तुतवार, कुरव उतरतात. जानेवारी २०२३ मध्ये एका चिखल्याच्या पायात मला रंगीत पट्टी दिसली. तिला लेग फ्लॅग म्हणतात. तिच्यावरची अक्षरं वाचून कळवली तर तो पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता, ते समजतं. माझ्याकडे १० बाय ४२ ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण होती. पट्टी दिसली, अक्षरं काही लागेनात. दहा पावलं पुढे सरकलो तर अख्खा थवाच उठला. घरी येताना ठरवलं, आता स्पॉटिंग स्कोप घ्यायचाच.

स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर लावायची, एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. मला २० ते ६० पट मोठं दाखवणारा, ८० मिलिमीटर भिंगाचा आणि आत दमट हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरलेला हवा होता. नायट्रोजनचा हट्ट कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. माझ्या आधीच्या दुर्बिणीत दोन पावसाळ्यांत भिंगाच्या आतून बुरशीचे धागे पसरले होते.

मनासारखं मॉडेल अमेरिकेतल्या एका दुकानात मिळालं. ऑर्डर टाकली, पैसे गेले आणि तिसऱ्या दिवशी ऑर्डर रद्द झाल्याची मेल आली: आम्ही स्कोप देशाबाहेर पाठवत नाही. मी लिहिलं, अहो, हा पक्षी बघायचा आहे. उत्तर आलं की तो संपूर्ण विभागच परदेशासाठी बंद आहे. पैसे परत आले, पण बँकेने परदेशी चलनाचा ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, आणि त्यावर जीएसटी कापला होता, तो गेला तो गेलाच.

मग कारण शोधत बसलो. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या निर्यात यादीत बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणींना स्वतःचा वर्ग आहे, ०ए५०४. वस्तू कोणती आणि कोणत्या देशात चालली आहे, यावर परवाना लागणार की नाही ते ठरतं. चूक झाली तर विक्रेत्याच्या गळ्याशी येतं, म्हणून बरीच दुकानं सरळ दार लावून घेतात. ट्रायपॉडवरचा स्कोप त्या वर्गातला नाही. पण दुकानाच्या कपाटात दोन्ही शेजारी, नावही एकच. ओल्याबरोबर सुकंही जळतं, तसं झालं.

दुसऱ्या एका दुकानाची कुरियरने पाठवायची तयारी होती. तेव्हा कागद घेऊन आकडे मांडले. आपल्याकडे कस्टम्स ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही, भाडं आणि विमा मिळवून जी किंमत होते तिच्यावर बसते. विम्याचा आकडा कळत नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. विमानाचं भाडं कितीही झालं तरी २० टक्क्यांच्या वर धरत नाहीत, तेवढाच दिलासा. त्यावर मूळ शुल्क, मूळ शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्याच्या बेरजेवर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एक मित्र म्हणाला, गिफ्ट लिहायला सांग. डिसेंबर २०१९ पासून राख्या आणि जीव वाचवणारी औषधं सोडली तर भेट म्हणून पाठवलेल्या पार्सललाही पूर्ण शुल्क भरावं लागतं. आणि खोटं लिहायचं तर मला नव्हतंच. कुरियरचा नाद सोडला.

आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात. माझा आतेभाऊ दुबईत आहे, त्याच्याकडे आम्ही दोघं नवरा-बायको डिसेंबरात आठ दिवस जाणारच होतो. तेव्हा तिथेच घ्यायचं ठरलं.

हे वाडीत कळलं आणि तात्या आले. तात्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. वानरं नारळ आणि कलमं ठेवत नाहीत, डुकरं भात लोळवतात, त्यांचा त्रास खराच आहे. म्हणाले, "येताना माझ्या बंदुकीवरची पण एक दुर्बीण आण रे. दोन्ही दुर्बिणीच ना?"

"तात्या, ती मी नाही आणणार," मी म्हटलं. अमेरिकन बनावटीची असेल तर दुबईहून भारतात आणणं हीसुद्धा अमेरिकेच्या कायद्याने पुनर्निर्यातच. आपल्या कस्टम्समध्येही तिचं शीर्षक वेगळं: पक्ष्यांची दुर्बीण ९००५ खाली, शस्त्रावर बसवायची ९०१३ खाली. परवानाधारकाने परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडून रीतसर घ्यावी. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला जड गेलं. तात्या काही बोलले नाहीत, चहा संपवून उठले.

दुबईत ३,१५० दिरहमचं बिल झालं, तिथला ५ टक्के व्हॅट धरून. बिलावर नुसतं 'स्कोप २०-६० बाय ८०' छापलेलं. मी काउंटरवर थांबून 'स्पॉटिंग स्कोप, पक्षीनिरीक्षणासाठी, ट्रायपॉडचा' असं लिहून घेतलं, मॉडेल आणि सीरियल नंबरसकट. त्याला पाच मिनिटं लागली. कंपनीच्या माहितीपत्रकाचं पानही छापून घेतलं.

मुंबईला उतरलो तो थेट रेड चॅनलला, म्हणजे शुल्क लागणारं सामान जाहीर करायच्या रांगेत गेलो. त्या वेळच्या नियमाने दुबईहून परतणाऱ्याला ५० हजारांपर्यंतचं सामान माफ होतं. आम्ही दोघं होतो, पण एका वस्तूसाठी नवरा-बायकोची सवलत एकत्र करता येत नाही. म्हणून माझ्या नावावर दुसरं काही आणलंच नव्हतं, अत्तराची बाटलीही नाही.

अधिकाऱ्यांनी बॅग उघडली आणि पहिलाच प्रश्न आला, "रायफलची आहे का?" मी स्कोप टेबलावर उभा केला. डोळा लावायची नळी ४५ अंशांत वर वळलेली. बंदुकीच्या नळीला समांतर नजर तिच्यातून जाऊच शकत नाही. खाली ट्रायपॉडच्या स्क्रूची पट्टी. बंदुकीच्या स्कोपला असते तशी रिंगमध्ये पकडायची २५ किंवा ३० मिलिमीटरची सरळ नळी नाही, टिकटिक फिरणारी बटणं नाहीत. त्यांनी भिंगातून पाहिलं. मध्ये नेम धरायची फुली नव्हती. मग माहितीपत्रक वाचलं, बिलाशी नंबर ताडला आणि म्हणाले, ठीक आहे.

हिशोब झाला. दिरहमच्या कस्टम्सने धरलेल्या दराने ७१ हजार रुपयांच्या थोडं वर, त्यातून ५० हजार वजा. उरलेल्या २१ हजारांवर अधिभारासह ३८.५ टक्के, म्हणजे ८ हजार १०० च्या आसपास. कार्डाने भरले, पावती घेतली. ती पावती आता स्कोपच्या पिशवीतच असते. पुन्हा कधी स्कोप घेऊन परदेशी जायचं झालं तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं, नाहीतर परतताना हीच वस्तू नवी म्हणून धरली जाऊ शकते.

रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने रत्नागिरीला आलो. दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःहून पडवीत आले. त्यांच्या कलमांच्या बागेकडे स्कोप लावून दिला. बराच वेळ डोळा लावून बसले. "डावीकडच्या फणसावर पोरवाली वानरी आहे," म्हणाले, "पोराचे कान दिसतायत."

फेब्रुवारीत भाट्याला परत एक पट्टीवाला चिखल्या सापडला. ६० पटीवर उन्हाने हवा थरथरते म्हणून ४० वर आणलं. पहिली दोन अक्षरं स्पष्ट होती, तिसऱ्यावर चिखल होता. पुलाजवळ बसून राहिलो. पाऊण तासाने तो पाण्यात उतरला, बाहेर आला, आणि तिसरं अक्षर मी वहीत लिहिलं.